युनानी वैद्यक आणि सूफी विचार यांचा संबंध काय? हकीम आणि दर्ग्यातले तावीज देणारे बाबा एकच का?

एकच नाहीत. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, हकीम (युनानी वैद्य) होते, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा मतब, म्हणजे दवाखाना, होता. त्यांना कुणी 'तावीजवाले बाबा' म्हटलं की घरात सगळ्यांच्या कपाळाची शीर उठायची. म्हणून हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

युनानीचा पाया म्हणजे शरीरातले चार रस, दम (रक्त), बलगम (कफ), सफरा (पित्त), सौदा (काळं पित्त), आणि त्यांवरून ठरणारा मिजाज, म्हणजे प्रकृती. थोर हकीम इब्न सीनाने (980–1037) 'कानून' या वैद्यकाच्या ग्रंथात मालीखोलियाबद्दल, म्हणजे मन काळवंडण्याच्या आजाराबद्दल लिहिताना साफ सांगितलंय: काही वैद्य म्हणतात हा जिनांमुळे होतो, होत असेल किंवा नसेल, वैद्यकाला त्याच्याशी कर्तव्य नाही, कारण जिनामुळे झाला तरी बिघडतो तो सौदाच, आणि इलाज त्याचाच करायचा. हजार वर्षांपूर्वी! आमच्या नानांचा सगळा धंदा या एका भूमिकेवर उभा होता, आणि आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडणही याच मुद्द्यावर झालं.

माझी धाकटी खाला, म्हणजे मावशी, बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली आणि खालाची झोप उडाली. रात्रभर ती बाळाच्या झबल्याचे बंद सोडायची, पुन्हा बांधायची आणि म्हणायची, ही माझी नाही, बदलून ठेवलीय. सासरची माणसं आली, बघितलं आणि म्हणाली, असर झालाय, म्हणजे जिनाची बाधा. थोरल्या मामूंनी लगेच परराज्यातल्या एका दर्ग्याचं नाव घेतलं. तिथे अशा बायकांना महिनोन्‌महिने ठेवून घेतात. कसं ठेवतात हे मामूंनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

नानांनी खालाची नाडी धरली. इतका वेळ धरली की शेजारी ठेवलेल्या चहावर साय आली. मग नानीला विचारलं, झोप कधीपासून नाही, जेवण किती जातं, बाळाला एकटी घेऊन बसते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून ते उठले आणि कागद घेतला. हकीम नुस्खा लिहिताना सगळ्यात वर 'हुवश्शाफी' लिहितात, बरं करणारा तोच, या अर्थाने. नानांनी तेही लिहिलं, पण खाली नुस्खा नव्हता. शहरातल्या मानसोपचार डॉक्टरांना चिठ्ठी होती: बाळंतीण आहे, झोप नाही, बाळाला धोका आहे, आजच दाखल करून घ्या. मामू ओरडले, "हकीम के घर की बेटी पागलों के डाक्टर के पास?" नाना म्हणाले, "मैं दवा देतूं. शिफा वो देता. ये दवा मेरे पास नै."

खाला दाखल झाली, गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू मुलीला छातीशी धरू लागली. घरी आल्यावर नानांनी फक्त डोक्याला लावायला रोगन बनफ्शा, म्हणजे बनफ्शाच्या फुलांचं तेल, दिलं, तेही डॉक्टरांना विचारून. आणि एका जुम्मेरातीला (गुरुवारी) तिला स्वतः खुल्दाबादला घेऊन गेले, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात. सूफी संत निजामुद्दीन औलियांचे हे मुरीद, म्हणजे शिष्य, 1337 साली वारले, तिथेच त्यांची मजार आहे. अंगणात बसवलं, फातिहा पढली, परत आणलं. धागा नाही, पाणी नाही, काही नाही.

पुढे पिंजाऱ्याने कापूस पिंजायला खालाची उशी उसवली, तर आतून तावीज निघाला. मामूंनी गुपचूप शिवून घेतला होता. आजही कुठलंही लग्न असो, मामू सांगतात की त्या तावीजानेच ती बरी झाली. खालाने त्या काळात गिळलेल्या गोळ्यांचं नावही काढत नाहीत.

तर सूफी विचाराचा संबंध कुठे येतो? इस्लामी विद्वान गझालींचं उदाहरण घ्या. 1095 साली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवताना त्यांची वाचा गेली, घास उतरेना. हकिमांनी हात टेकले. म्हणाले, दुखणं काळजातून मिजाजात उतरलंय, काळजी हटल्याशिवाय औषध लागणार नाही. गझालींनी पद सोडलं, शहर सोडलं आणि सूफींची वाट धरली. पुढे त्यांनी मत्सर, गर्व, लोभ यांना दिलाचे रोग म्हटलं आणि इलाज सांगितला तो अगदी हकिमी: उष्णावर थंड तसा गर्वावर नम्रपणा, लोभावर दान. म्हणजे सूफींनी वैद्यकाची रीत उचलली, आणि वैद्यक तर मनाची हालचाल आणि विश्रांती हे तब्येतीच्या सहा मूळ कारणांत धरतंच. नातं हे आहे. गंडेदोऱ्यांचा बाजार हे नातं नाही.

हकीम मनाच्या आजाराला औषध देत नव्हते असंही नाही. सर्पगंधा, ज्याला ते असरोल म्हणतात, वेडावर फार पूर्वीपासून वापरात होतं. दिल्लीचे नामांकित हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकींनी त्यातून जो घटक वेगळा काढला त्याला अजमलीन नाव दिलं, आणि 1952 साली त्याच मुळीतून निघालेलं रेसरपिन पुढे जगभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत वापरलं गेलं.

मामूंसारख्या सगळ्यांना माझं एवढंच विचारणं आहे: 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ रोग्यांना ठेवलेल्या झोपडीला आग लागली, साखळीने बांधलेली 28 माणसं मेली. त्यांच्याही घरच्यांनी श्रद्धेनेच आणून सोडलं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळीने बांधणं आता पूर्ण बंद आहे.

सगळे दर्गे तसे नाहीत, हेही खरं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातारच्या दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाने मानसोपचाराचे डॉक्टर बसू लागले, मुजावरच, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरीच, रोग्यांना त्यांच्याकडे पाठवू लागले. आणि सगळे हकीमही आमच्या नानांसारखे नसतात. बीयूएमएस ही युनानी वैद्यकाची पदवी आणि नोंदणी विचारा, बिनलेबलचा कुश्ता, म्हणजे धातूचं भस्म, कुणीही दिला तरी घेऊ नका, त्यात पारा-शिसं असू शकतं. असरोलही स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तदाब उतरतो आणि उदासी वाढू शकते. दर्ग्यावर जायचं तर खुशाल जा, आम्ही आजही जातो. फक्त पेशंटच्या गोळ्या सोबत घ्या, आणि तिथे कुणी बंद करायला सांगितल्या तर बंद करू नका.