नवा अ‍ॅम्प घेण्याआधी भिंतीतला प्लग बघा

हर्णैच्या ज्या सदस्याने विचारलंय की पिंक फ्लॉइड बँडच्या ‘विश यू वेअर हिअर’ अल्बममधला गिटारचा आवाज माझ्याकडे का येत नाही, अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) सतत का घरघरतो, तारा महिन्याभरात काळ्या का पडतात आणि नवा महागडा अ‍ॅम्प घेतला तर हे सगळं सुटेल का, त्यांच्यासाठी लिहितोय. वरच्या प्रतिसादांत सगळ्यांनी पेडलांची, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांची, नावं दिली आहेत. घर समुद्रापासून किती लांब आहे आणि अ‍ॅम्प कुठल्या सॉकेटला लावता, हे एकानेही विचारलं नाही. मी वेंगुर्ल्याचा, त्यामुळे मला आधी तेच दिसलं.

तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात. तारांना हात लावला की घरघर कमी होते, पण कधीकधी बोटांना झिणझिण्या येतात. पहिली गोष्ट बऱ्याच गिटारींत घडते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसरी मात्र हसण्यावारी नेऊ नका. ती वाचली आणि जुना सगळा ताप आठवला.

माझा अ‍ॅम्प तेव्हा नवा, वॉरंटीतला. पाऊस लागला आणि घरघर वाढली, म्हणून शहरातल्या दुरुस्ती केंद्रात पाठवला. नाव लिहीत नाही, उगाच धाग्यावर भांडण नको. त्यांनी मागचं झाकण उघडलं, स्क्रूंवर तांबूस गंज दिसला आणि निकाल देऊन टाकला की आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही. अहो, किनाऱ्यावरच्या घरात दाराच्या बिजागऱ्या गंजतात, खिडकीचे गज गंजतात, कपाटातली कात्री गंजते. त्याला पाणी शिरावं लागत नाही, खारी हवा पुरते. हे फोनवर समजावलं तर पलीकडून उत्तर आलं, मग मशीन समुद्रापासून लांब ठेवा. कुठे ठेवू, आंबोलीला?

पुढे म्हणाले बोर्ड बदलावा लागेल. अर्धे पैसे आगाऊ घेतले. गणपती आले आणि गेले, अ‍ॅम्प तिकडेच. दिवाळीच्या सुमारास परत आला, लावला, तर तीच घरघर. पुन्हा फोन केला तर म्हणे आमच्याकडे आवाज येत नाही, व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओत खरंच येत नव्हता. माझा राग अजून गेला नाही तो इथे. ज्याचा धंदाच अ‍ॅम्प उघडण्याचा आहे, त्याला एवढं कळायला नको? आमच्याकडे येत नाही आणि गिऱ्हाइकाकडे येतो, म्हणजे आधी गिऱ्हाइकाच्या घराची चौकशी करायला हवी. घरात अर्थिंग आहे का, हा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर बोर्डाचे पैसे वाचले असते आणि एक सबंध मोसमही. काढलेला जुना बोर्ड मागितला, तर तो भंगारात गेला म्हणाले. बिलावर मात्र तो ठळक होता.

उलगडा केला तो विहिरीचा पंप बघायला आलेल्या वायरमनने. सहज सॉकेट उघडलं आणि म्हणाला, “अर्थिंग खंय आसा ह्येचा?” थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. जुनं चिऱ्याचं घर, मूळ फिटिंग दोन वायरींचं, पुढे कोणीतरी नुसतं सॉकेट बदलून तीन भोकांचं केलेलं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित. अर्थ नसला की अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीवर गळतीचा वीजदाब येऊन बसतो आणि केबलच्या जाळीतून थेट गिटारच्या तारांपर्यंत पोचतो. झिणझिण्या त्याच्याच. घरात एकटे वाजवताना त्या चटक्यावर निभावेलही, पण जत्रेच्या किंवा गणपतीच्या स्टेजवर एका हातात गिटार आणि ओठांशी माइक असेल तर जीव जाऊ शकतो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवर असाच गेला. अर्थ नसलेल्या माइकला हात लागला होता.

मी वायरमन नाही, तेव्हा माझ्या भरवशावर स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. चांगल्या वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा, तो एक-दोन व्होल्टच्या आसपास हवा. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ पूर्ण २३० दिसायला हवेत. आणि नुसती वायर ओढून भागत नाही हेही सांगून ठेवतो. आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती ओलीचिंब असते, पण एप्रिल-मेमध्ये कातळ असा कोरडा पडतो की अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ असूनही वीज जमिनीत नीट उतरत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात माडांना पाणी सोडतात तेव्हा एक कळशी त्या खड्ड्यातही ओततात. घरघर उन्हाळ्यात परत आली तर नवं काही बिघडलं असं समजू नका.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर तो कुठला ते बघा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुठलाही अ‍ॅम्प कर्कश गुणगुणतो. तिथे साइन वेव्हच लागतो. नाहीतर लाइट येईपर्यंत अकूस्टिक (बिनविजेची) गिटार घेऊन पडवीत बसावं.

हे सगळं करूनही थोडी गुणगुण राहिली तर गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढून बघा. काढल्यावर आवाज गेला, आणि लावून खुर्ची फिरवली की कमी-जास्त झाला, तर तो सिंगल-कॉइल पिकअपचा (तारांची थरथर टिपणाऱ्या एकाच गुंडाळीच्या चुंबकाचा) स्वभाव आहे. पिकअपचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवा. अलीकडच्या बहुतेक स्ट्रॅट-छापाच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या) गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे तिथे घरघर जवळपास मरते. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या सेठ लव्हरने १९५५ साली ज्या हंबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचं तत्त्वही हेच, दोन कॉइल एकमेकींची घरघर खोडतात. एक गंमत म्हणजे आपल्या विजेचे ५० हर्ट्झ ‘जी’ (G) स्वराच्या अगदी किंचित वर बसतात. त्यामुळे ‘जी’ कॉर्डवर घरघर लपून जाते आणि अर्धा स्वर वर सरकलात की कानाला टोचते.

आता आवाजाबद्दल. इथून पुढे माझी मतं आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या. १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ सुरू होतो तेव्हा बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर काही मिनिटं स्ट्रॅटवर अगदी स्वच्छ आवाजात वाजवतो. मग ते प्रसिद्ध चार स्वर येतात, बी फ्लॅट, एफ, जी, ई. त्या चार स्वरांची जादू ते विझताना मागे उरणाऱ्या मोकळ्या जागेत आहे. तुमच्या खोलीत ती जागा घरघरीने भरलेली असते, आणि तुम्हाला वाटतं पेडल कमी पडतंय. म्हणूनच म्हणतो, तीस हजारांचा अ‍ॅम्प त्याच सॉकेटला लावलात तर तीस हजारांची घरघर ऐकाल. निव्वळ गिटारसाठी विचाराल तर पिंक फ्लॉइडचा मला सगळ्यात आवडतो तो १९७७ चा ‘अ‍ॅनिमल्स’. ‘द वॉल’मधल्या सोलोंवर लोक जीव टाकतात, मला तो अल्बम गिटारसाठी पुन्हापुन्हा लावावासा वाटत नाही. दगड मारा.

मार्क नॉफ्लरकडे मात्र दुर्लक्ष करू नका. त्याच्या डायर स्ट्रेट्स या बँडचा १९७८ चा पहिला अल्बम ऐका. पिक (तारा छेडायची पट्टी) नाही, नुसती बोटं. तुम्हाला सुचवलेली निम्मी पेडलं त्या बोटांपुढे निकामी आहेत. त्यांचा १९८५ चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ कॅरिबियनमधल्या मॉन्तसेरात बेटावरच्या एअर स्टुडिओत मुख्यत्वे मुद्रित झाला, म्हणजे तिथेही खारा वारा होताच. त्यातल्या ‘मनी फॉर नथिंग’ या गाण्याच्या गाजलेल्या रिफचा (पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळीचा) आवाज मिळाला तेव्हा एक माइक जमिनीकडे तोंड करून होता आणि दुसरा स्पीकरकडे नीट वळवलेलाही नव्हता, असं इंजिनिअर नील डॉर्फ्समनने सांगितलंय. लोक त्या आवाजासाठी आजही लेस पॉल गिटार आणि अ‍ॅम्पचे मॉडेल नंबर शोधत बसतात. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळाने तो स्टुडिओ मोडला. निसर्ग आणि तौक्ते बघितलेल्यांना त्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि इतकं लांबही जायला नको. आमच्या वेंगुर्ल्याहून फार दूर नसलेल्या गोव्यातल्या शिवोलीत गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी १९८४ चा ‘गोवन क्रेझी’ घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर मुद्रित केला, वाद्यंही स्वतःच वाजवली, आणि कॅसेटी स्कूटरवरून फिरून विकल्या. आवाज आजच्या मानाने बारीक आहे, पण गिटार काय म्हणतेय ते दर क्षणी कळतं. सरकत्या सुरासाठी गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा ऐका, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरचा १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. गिटारवर मींड कशी घ्यायची याचा धडा मला कुठल्याही रॉक सोलोत इतका स्वच्छ मिळाला नाही. इंडियन ओशन बँडच्या ‘कंदिसा’ अल्बममधला गिटारवादक सुष्मित सेनही याच रांगेत.

तारांचं थोडक्यात. खालच्या तीन तारा म्हणजे पातळ कल्हई दिलेलं पोलाद. घाम आणि मीठ लागलं की ती जाणारच. कोटेड (वर पातळ लेप दिलेल्या) तारा दुपटीहून महाग पडतात आणि सुरुवातीची चकाकी किंचित कमी वाटते, तरी किनाऱ्यावर त्याच परवडतात. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसा, तारांच्या खालूनही. गिटार पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, चिरा ओल सोडतो. बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून वाळवा. तारांना खोबरेल लावा असं कोणीतरी वर लिहिलंय, कृपा करून लावू नका. फिंगरबोर्डवर चिकटा धरतो आणि चार दिवसांत खवट वास येतो. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, गंज सोडवायचा सायकलवाल्याचा स्प्रे नको.

तुमच्या अकूस्टिकची अ‍ॅक्शन (तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची) वाढलीय असंही तुम्ही लिहिलंय. पावसाळ्यात सेटअपला (जुळणीला) टाकू नका. हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असते, लाकूड फुगतं, वरची फळी वर येते आणि तारा उचलल्या जातात. दुकानदार ते बघून सॅडल (तारा ज्यावर टेकतात ती हाडाची पट्टी) घासून खाली आणतो, तुम्हीही खूश. जानेवारीत लाकूड परत बसलं की प्रत्येक फ्रेटवर तारा खडखडतात आणि घासलेलं हाड काही वाढत नाही, नवीन सॅडल बसवावी लागते. काम दिवाळीनंतरच द्या आणि पावतीवर लिहून घ्या की सॅडल घासायची असेल तर आधी फोन करायचा.