कट्ट्याची केस: पॅरोलचा विषय आत्ता येतच नाही

तुमच्या चुलतभावाकडे विनापरवाना गावठी कट्टा सापडला, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, आणि नातेवाईक म्हणताहेत ‘पॅरोलवर काढू, शिक्षा झालीच तर चांगल्या वर्तणुकीवर सुटेल, संजय दत्त नाही का सुटला?’ यातलं पॅरोलचं आधी डोक्यातून काढा. पॅरोल आणि फर्लो (आपल्या सरकारी भाषेत अभिवचन रजा आणि संचित रजा) शिक्षा लागलेल्या कैद्यासाठी असतात. कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याला, फक्त जामीन.

एफआयआरमध्ये बहुधा आर्म्स ॲक्ट कलम 3, 25 आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस कायदा 37, 135 असेल. ही जोडी ठरलेलीच. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या अग्निशस्त्राला 2 ते 5 वर्षं शिक्षा आहे, म्हणजे गुन्हा अजामीनपात्र. पण अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. पोलीस ठाण्यातून मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. हत्यार जप्त झालंय, पहिलाच गुन्हा आहे, पत्ता कायमचा आहे, हे मुद्दे अर्जात ठळक हवेत. कट्टा विकायला आणला होता असा आरोप असेल तर मात्र कलमही बदलतं आणि गणितही.

जामीन नाकारला तरी तारीख मोजत राहा. तुमच्या कलमात 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर डिफॉल्ट जामिनाचा हक्क मिळतो. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या (कोर्टाने कोठडी दिली त्या) दिवसापासून. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज पडला पाहिजे. इथे ढिलाई करणारे वकील मी पाहिलेत, म्हणून सांगतोय.

आता संजय दत्त. त्याला 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. पुढे परिवीक्षेवर (शिक्षा न भोगता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर) सोडा ही त्याची मागणी टाडा कोर्टाने (दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने) फेटाळली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. शिक्षा 5 वर्षांची राहिली, बंदी असलेल्या हत्याराची तेव्हाची किमान तेवढीच होती (आता ती 7 आहे). उरलेली शिक्षा त्याने येरवड्यात भोगली. फर्लो-पॅरोल मिळाले, त्यावर गदारोळही झाला, आणि माफीचे (चांगल्या वर्तणुकीसाठी शिक्षेतून वजा झालेले) दिवस धरून तो फेब्रुवारी 2016 मध्ये बाहेर आला. म्हणजे ‘सुटला’ हा शब्द जरा जपून. कायदा किमान शिक्षा सांगतो तिथे परिवीक्षा मागणं जड जातं. त्या भरवशावर गुन्हा कबूल करून मोकळं व्हायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका.

वकिलांना एक विचारून ठेवा: आर्म्स ॲक्टच्या कलम 39 खाली खटल्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी आली का? कलम 3 च्या गुन्ह्यात तिच्याशिवाय खटला चालत नाही. डिफॉल्ट जामिनाला तिचा उपयोग नाही, पण खटल्यात मंजुरीचा आदेश आणि हत्यार चालू स्थितीत असल्याचा बॅलिस्टिक अहवाल, या दोन कागदांवर उलटतपासणी नीट झाली पाहिजे. दोन्हींच्या प्रती मागून घ्या.