तारण हरवतं, जातं की गमावलं जातं?

प्रश्न असा आहे : ख्रिस्ती लेखनात ‘एकदा मिळालेलं तारण हरवू शकतं का?’ असं वाक्य येतं. बँकेत मात्र तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेलं सोनं किंवा मालमत्ता. हे दोन्ही शब्द एकच का? आणि पुढे हरवणे, जाणे, गमावणे यांपैकी कोणतं क्रियापद योग्य?

शब्द एकच. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार जाणे. त्यातून तरणे, आणि तारणे हे त्याचं प्रयोजक रूप. मराठीत कर्ज ‘बुडतं’. ते बुडू नये म्हणून सावकार घेतो ते तारण. चर्चमधलं तारण म्हणजे पाप आणि मृत्यू यांतून माणसाला पार नेणं. पण बँकेतलं तारण ही वस्तू आहे आणि चर्चमधलं मुळात क्रिया. म्हणूनच मराठी बायबलमध्ये ‘इफिसकरांस’ या पत्राच्या २:८ (अध्याय २, ओवी ८) या वचनात ‘तुमचे तारण झालेले आहे’ अशी रचना आहे. ‘तारण मिळालं’ म्हटलं की ती हातात आलेली चीज होते, आणि मग ती हातातून सुटेल का ही शंका आपोआप येते.

‘झालेले आहे’ हे रूपही नेमकं आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे पूर्ण काळ आहे : कृती घडून गेली, परिणाम टिकून आहे. १ करिंथकरांस १:१८ मध्ये मात्र चालू काळ आहे, म्हणजे तारण ‘होत आहे’. आणि रोमकरांस ५:९ मध्ये भविष्यकाळ, ‘होईल’. तिन्ही पत्रं प्रेषित पौलाच्याच नावाची. वाद घालणारे बहुधा यांतला एकच काळ उचलतात. ज्याला पहिला पुरतो त्याला तारण पक्कं वाटतं; ज्याचं लक्ष तिसऱ्यावर असतं तो म्हणतो, अजून पैलतीर यायचा आहे.

आता क्रियापद. ‘हरवणे’ मला इथे सपशेल चुकीचं वाटतं. किल्ली हरवते ती नकळत, आणि शोधली तर सापडते. तारण असं नकळत निसटतं, असं ख्रिस्ती धर्मातली कोणतीही मुख्य परंपरा शिकवत नाही. शिवाय शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, हरवतो तो माणूस. लूकच्या १५व्या अध्यायात मेंढरू हरवतं, नाणं हरवतं, मुलगा हरवतो. १९:१० मध्ये येशू हरवलेल्याला शोधायला आणि तारायला येतो. तारणच हरवलं म्हटलं की हे सगळं चित्र उलटं होतं. ‘तारण गेलं’ हेही टाळावं, ते ऐकून लिलावाची नोटीस आठवते.

‘गमावणे’ यात दोष गमावणाऱ्याकडे जातो, त्यामुळे कॅथलिक शिकवणीला ते जुळतं. पण तिथे कर्म बदलावं लागतं. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये सांगितलं की गंभीर पापाने देवाची कृपा जाते, विश्वास शिल्लक असला तरी. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब मोठी असणं, पूर्ण जाणीव असणं आणि स्वेच्छेने संमती असणं. गेलेली कृपा याजकापुढे पापांची कबुली देऊन परत मिळते. म्हणून तिथे ‘कृपावस्था गमावणे’ लिहावं. अंतिम तारण अजून पुढेच आहे, ते आज गमावण्याचा प्रश्न येत नाही.

अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या परंपरेतले मेथडिस्ट आणि नाझरीन हे प्रोटेस्टंट पंथ माणसाच्या निवडीवर भर देतात. खरा विश्वासणाराही विश्वास सोडू शकतो, असं वेस्लीने १७५१ च्या पुस्तिकेत मांडलं. त्यांच्यासाठी ‘विश्वास सोडणे’, ‘कृपेतून पडणे’.

हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेची (१६१८–१९) वाट धरणाऱ्या सुधारित (कॅल्विनच्या परंपरेतल्या) आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं म्हणणं वेगळं : खरा विश्वासणारा गंभीर पापात पडेल, दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र पडलेच, पण पूर्णपणे आणि कायमचा पडणार नाही, कारण देव त्याला राखतो. या सिद्धांताचं ‘संतांची चिकाटी’ असं भाषांतर केलं की सगळं श्रेय संतांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, जातं. ‘राखले जाणे’ बरं. आणि जो कायमचा दूर गेला त्याच्याविषयी त्यांना हवं ते क्रियापद मराठीत तयार आहे : मुकणे. ‘परीक्षेला मुकला’ म्हणजे परीक्षा त्याच्या वाट्याला आलीच नाही. ‘तारणाला मुकला’ यातही आधी ते होतं की नव्हतं हे उघडं राहतं, आणि त्यांच्या मते ते नव्हतंच.

बायबलमधल्या ‘इब्री’ या पत्रात ६:४–६ इथे सगळ्यांचीच कसोटी लागते. प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले लोक पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं ते वचन म्हणतं. सुधारित मंडळी म्हणतात, नुसती रुची घेतली होती, तारण झालं नव्हतं. वेस्लीवाले म्हणतात, खरंच झालं होतं. पण दर आठवड्याला तारण जातं आणि प्रार्थनेने परत येतं असं मानणाऱ्यांना त्यातला ‘अशक्य’ अडतो. अशा चढउताराला मराठीत ‘मागे पडणे’, ‘घसरणे’ म्हणावं.

व्यवहारातला शब्द हवाच असेल तर बायबलनेच निवडलेला घ्यावा. इफिसकरांस १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटलं आहे. ग्रीक शब्द ‘अर्राबोन’, सेमिटिक, म्हणजे हिब्रूच्या कुळातल्या, भाषांतून आलेला. त्याचं हिब्रू भावंड ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकात, अध्याय ३८ मध्ये भेटतं : यहूदा मोबदला म्हणून कबूल केलेलं करडू पाठवीपर्यंत तामारेकडे आपली मुद्रा, दोरी आणि काठी ठेवतो. तिथे अर्थ गहाण. मोबदला पोचला की वस्तू परत. विसार परत यायचा नसतो, तो किमतीचाच पहिला भाग असतो, आणि देणारा मागे हटला तर बुडतो. इथे देणारा देव आहे. म्हणून तारण पक्कं मानणारे या वचनाला घट्ट धरतात, आणि त्यांच्या बाजूचा हा मला सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा परंपरांतल्या मंडळ्या एका छपराखाली आल्या. अशा संमिश्र वाचकांसाठी मथळा लिहायचा तर ‘तारण झालेला मनुष्य पुन्हा नाश पावू शकतो का?’ असा लिहावा. त्यात कुणाचंच उत्तर आधीच शिरत नाही.