बाईच्या गाठीत वृषणातलं प्रथिन कसं काय?

तुमच्या बहिणीला सायनोव्हियल सारकोमा (मऊ ऊतींचा एक कर्करोग) आहे, रिपोर्टमध्ये 'मेज-ए४ पॉझिटिव्ह' आलंय. हे वृषणातलं प्रथिन आहे असं वाचून तुम्ही विचारलंय की ते बाईच्या गाठीत कुठून आलं, आणि भावाला मूल होत नाही त्याच्याशी याचा संबंध आहे का.

भावाचं आधी सांगते, कारण घरात धास्ती त्याचीच जास्त असणार. संबंध नाही. हा बदल गाठीच्या पेशींत घडलाय, घराण्यातून आलेला नाही. भावाच्या वीर्यात शुक्राणूच नसतील तर त्याची तपासणी वेगळी. टेक्स११ या जनुकात दोष असला की गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि शुक्राणू अर्धवट अवस्थेतच थांबतात, अशी कारणं तिथे शोधतात.

मी शुक्राणूंच्या प्रथिनांवरच काम करते. त्यांची बरीच जनुकं बायकांच्याही प्रत्येक पेशीत असतात. मेज-ए४चं तर एक्स गुणसूत्रावर आहे. पण एरवी त्यांवर मिथाइल गटांचं, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या छोट्या रासायनिक खुणांचं, कुलूप असतं. शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत ते उघडतं आणि कर्करोगात मिथाइल गट गळाले की भलतीकडेच उघडतं. या कुळातलं पहिलं जनुक १९९१ मध्ये ब्रसेल्सच्या थिएरी बून यांच्या गटाला मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) सापडलं.

उपचारांसाठी हे मोलाचं आहे. टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, प्रथिनाचे तुकडे पेशींच्या पृष्ठभागावरच्या एचएलए रेणूंवर ओळखतात. शुक्राणू घडवणाऱ्या पेशींवर ते रेणू जवळपास नसतातच, शिवाय वृषणातल्या त्यांना सांभाळणाऱ्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट चिकटून टी-पेशींना आत येऊ देत नाहीत. म्हणजे नेम गाठीवरच धरता येतो. रुग्णाच्याच टी-पेशी मेज-ए४ ओळखतील अशा बदलून परत देण्याच्या उपचाराला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, केमो घेऊनही पसरलेल्या सायनोव्हियल सारकोमासाठी. चाचणीतल्या ४४ जणांपैकी सुमारे ४३ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. मला हे फार मोठं यश वाटतं. तरी जोखीमही खरी आहे: याच कुळातल्या मेज-ए३साठी घडवलेल्या टी-पेशींनी हृदयाच्या स्नायूतलं टायटिन हे प्रथिनच लक्ष्य समजून हल्ला केला आणि दोन रुग्ण दगावले, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

डॉक्टरांना विचारा, एचएलए-ए०२ची (एचएलए रेणूंच्या एका प्रकाराची) तपासणी करायची का. तो प्रकार जुळला तरच हा उपचार चालतो. आणि बहिणीला पुढे मूल हवं असेल तर केमोआधीच स्त्रीबीजं गोठवण्याबद्दल बोलून घ्या. मेज-ए४मुळे नव्हे, पण केमोमुळे बीजांडकोशाला इजा होऊ शकते.