वाचकांचे प्रश्न : खजूर, खारीक आणि 'शुगर फ्री'ची गंमत

या वेळी खजुरावरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, काहींनी तसं सांगितलंच होतं.

प्रश्न : ताई, मी साखर पूर्ण बंद केलीय. शेक, केक, बिस्किटं सगळ्यात खजूर घालते. नवरा म्हणतो तू साखर सोडलीच नाहीस, नुसतं नाव बदललंस. आमच्यात कोण बरोबर?

उत्तर : त्यांना सांगू नका, पण ते बरेचसे बरोबर आहेत. मेजूल जातीचा एक मोठा खजूर बी काढून साधारण २४ ग्रॅम भरतो आणि त्यात १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चहाचे चार चमचे. शेकमध्ये असे चार टाकले की झाले सोळा चमचे, आणि वर आपण म्हणणार 'नो शुगर'! हे लेबल मला अजिबात आवडत नाही, 'वरून साखर घातलेली नाही' असं म्हणा, ते खरं तरी आहे.

आता तुमची बाजू. पांढऱ्या साखरेत साखरेशिवाय काहीच नसतं, खजुरात १०० ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम फायबर, ६५० ते ७०० मिलीग्रॅम पोटॅशियम, थोडं मॅग्नेशियम आणि पॉलिफेनॉल्स (वनस्पतीतले अँटिऑक्सिडंट घटक) असतात. शिवाय तो चावून खावा लागतो त्यामुळे दोन-तीन खाल्ले की हात आपोआप थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी शिफारस केली (दिवसाच्या एकूण कॅलरीत १० टक्क्यांहून कमी) ती वरून घातलेली साखर, मध, सिरप, फळांचा रस यांच्यासाठी आहे, अख्ख्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत. म्हणजे अख्खा खजूर खाल्ला तर तो फळ, पण बाटलीतलं खजुराचं सिरप ओतलं तर ती सरळ साखर, कारण चोथा आधीच गाळून टाकलेला असतो. घरची पेस्ट या दोघांच्या मधली. फायबर जागेवर असतं पण चावायचं काम मिक्सरने केलेलं असतं, त्यामुळे पोटात किती गेली ते कळतच नाही.

प्रश्न : केकमध्ये साखरेऐवजी खजुराची पेस्ट घातली तर केक काळपट झाला, मध्ये गच्च बसला आणि वरून करपला. प्रमाण नेमकं काय घ्यायचं?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींनी (आणि दोन पुरुषांनी, त्यांचं विशेष कौतुक) विचारलाय म्हणून जरा सविस्तर सांगते.

साखर केकमध्ये फक्त गोडी देत नाही. लोण्याबरोबर फेटताना तिचे कण हवा धरून ठेवतात आणि त्या हवेमुळे केक हलका होतो. पेस्टमध्ये कण नाहीत म्हणजे हवा नाही, वर पाणी जास्त, म्हणून गच्च बसतो. पहिल्यांदा करताना अर्धीच साखर काढा. काढलेल्या प्रत्येक १०० ग्रॅम साखरेला १५० ग्रॅम पेस्ट घ्या, म्हणजे १०० ग्रॅम बिया काढलेला खजूर, ५० मिली गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून त्याच पाण्यासकट वाटलेला. आणि मूळ कृतीतलं दूध किंवा पाणी दोन-तीन टेबलस्पून कमी करा, हे बहुतेक जण विसरतात आणि मग मधला भाग कच्चा राहिला म्हणून ओव्हनला शिव्या देतात. गोडी थोडी कमी लागेल कारण खजुरात वजनाच्या दोन तृतीयांशच साखर असते. पूर्ण साखर काढायचीच असेल तर अंडी वेगळी चांगली फेसून घ्या, हवा तिथून मिळू दे.

करपायचं कारण म्हणजे मऊ खजुरातली बहुतेक साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा सुट्या रूपात असते आणि ती नेहमीच्या साखरेपेक्षा लवकर तांबूस होते. म्हणून १८० ऐवजी १६०-१६५ डिग्रीला ठेवा, वेळ दहा मिनिटं जास्त द्या आणि वरून रंग आला की फॉइल टाका.

आता खायच्या सोड्याबद्दल. खजूर भिजवताना गरम पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की साल विरघळल्यासारखी होते, पेस्ट मखमली येते, कारण सोड्यातल्या अल्कलीने सालीतलं पेक्टिन (साल घट्ट धरून ठेवणारा घटक) सुटतं. पण सोडा जास्त झाला की रंग अजून काळा पडतो आणि साबणासारखी चव येते. तुमचा केक काळपट झाला त्यात सोड्याचाही हात असू शकतो.

एक फायदा मात्र मान्य करायला हवा, खजुराचा केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही ओलसर राहतो कारण फ्रुक्टोज पाणी धरून ठेवतं. त्याच कारणाने खजुराची बिस्किटं कुरकुरीत होत नाहीत, मऊच होणार. त्याच्याशी भांडू नका, मऊ कुकी म्हणूनच करा.

प्रश्न : बाजारात इतके प्रकार दिसतात, कुठला कशासाठी घ्यायचा? महागातलाच चांगला का?

उत्तर : वाटायचाच असेल तर महागातला घेऊन काय उपयोग? पेस्टला, बारला, केकला साधा मऊ, थोडा चुरगळलेला खजूर मस्त चालतो. मेजूल मोठा, मांसल, कॅरमेलसारखा, तो नुसता खायला किंवा मधे बदाम-अक्रोड भरायला ठेवा. मूळचा मोरोक्कोचा, तिथे बयूद नावाचा बुरशीजन्य रोग झाडं मारत सुटला होता, तेव्हा १९२७ मध्ये त्याची ११ पिल्लं (बुंध्यापाशी फुटलेली रोपं) अमेरिकेला नेली आणि तिथली मेजूलची शेती त्यांच्यापासूनच वाढली. डेगलेट नूर अर्धसुका, फिकट रंगाचा, त्याचे तुकडे सुटे राहतात म्हणून सॅलडमध्ये, भातात किंवा ग्रॅनोलात तो बरा. बरही पिवळा असतानाच कुरकुरीत खातात, तो शिजवायच्या फंदात पडू नका. खारीक पूर्ण वाळलेली, रात्रभर भिजवल्याशिवाय मिक्सरमध्ये टाकलीत तर पातं जाईल.

प्रश्न : गोड सोडून खजुराचं दुसरं काही होतं का? घरात गोड कोणी खात नाही.

उत्तर : होतं की! आणि माझ्या मते खजूर तिखट-आंबट पदार्थातच जास्त शोभतो. त्याला सोबत आंबट, खारट आणि थोडं तिखट लागतं, नुसता टाकलात तर भाजी गुळमट होते. परतलेला कांदा, लिंबू, मिरची आणि बारीक चिरलेला खजूर घालून शिजवलेला भात करून बघा. भाजलेल्या भोपळ्यावर किंवा गाजरावर तुकडे टाका, पण शेवटची पाच मिनिटं राहिली की, आधी टाकले तर कोळसा होतो. टोमॅटोचा सॉस फार आंबट झाला तर साखरेच्या जागी एक खजूर वाटून टाका, सॉसला दाटपणाही येतो. खारट चीज आणि खजूर ही जोडी तर पाहुण्यांसमोर ठेवायला एकदम सोपी, काही शिजवायचंच नाही. चिरताना सुरीला चिकटतो म्हणून सुरीला तेलाचं बोट लावा किंवा खजूर अर्धा तास फ्रीजरमध्ये टाका.

प्रश्न : मला डायबेटीस आहे. कोणी म्हणतं खजूर चालतो, त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी आहे, कोणी म्हणतं बघूसुद्धा नको.

उत्तर : इंडेक्स खरंच फार वर नाही, तपासलेल्या बऱ्याच जातींचा ४५ ते ५५ च्या दरम्यान आलाय. पण तो आकडा साखर किती वेगाने चढते ते सांगतो, तुम्ही किती खाल्लं ते सांगत नाही. वजनाच्या तीन चतुर्थांश कार्बोहायड्रेट असलेली वस्तू वाटीभर खाल्ली तर इंडेक्स बिचारा काय करणार. एखाद-दुसरा लहान खजूर, तोही जेवणातला दुसरा काही कार्बचा भाग कमी करून आणि सोबत चार बदाम, असं बऱ्याच जणांना चालतं. तुम्हाला चालतं का हे तुमचा ग्लुकोमीटर सांगेल, खाण्याआधी आणि दोन तासांनी बघा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा. आणि हो, शुगर एकदम खाली गेली, घाम, थरथर सुरू झाली तर त्या वेळी खजूर चावत बसू नका, ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी घ्या, ते लवकर लागू पडतं.

किडनीचा त्रास असेल आणि पोटॅशियम कमी खा असं सांगितलेलं असेल तर मात्र खजूर स्वतःच्या मनाने सुरू करायचाच नाही.

प्रश्न : हिमोग्लोबिन ९ आहे. रोज पाच खजूर खाल्ले की वाढेल असं सगळे सांगतात.

उत्तर : सगळे सांगतात आणि सगळे चूक सांगतात. १०० ग्रॅम खजुरात लोह असतं जेमतेम १ मिलीग्रॅम. मासिक पाळी चालू असलेल्या बाईला वेगवेगळ्या देशांच्या हिशोबाने दिवसाला १५ ते ३० मिलीग्रॅम लागतं. आता तुम्हीच गणित करा की किती किलो खावे लागतील! वर हे वनस्पतीतलं लोह, ते शरीर कमीच शोषून घेतं, आणि ज्या क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं ते वाळलेल्या खजुरात जवळजवळ नसतंच. गडद रंग बघून हा समज झाला असावा असा माझा अंदाज. ९ हा आकडा खजुरावर सोडायचा नाही, कारण काय ते तपासून घ्या आणि डॉक्टर देतील त्या गोळ्या घ्या. खजूर आवडीने खा, औषध म्हणून नको.

प्रश्न : नववा महिना लागेल आता. खजूर खाल्ला की डिलिव्हरी सोपी होते हे खरं का?

उत्तर : यात थोडं तथ्य आहे. जॉर्डनमधला २०११ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात ६९ जणींनी तारखेच्या आधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले आणि ४५ जणींनी खाल्ले नाहीत. खाणाऱ्या बायका हॉस्पिटलमध्ये आल्या तेव्हा गर्भाशयाचं मुख सरासरीने जास्त उघडलेलं होतं आणि कळा आपोआप सुरू होण्याचं प्रमाणही जास्त होतं. पण गट लहान होते आणि कोणी कुठल्या गटात जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे खात्रीचा उपाय म्हणू नका. सहा खजुरांनी नुकसान सहसा होत नाही, फक्त गरोदरपणातला डायबेटीस निघाला असेल तर आधी विचारा.

प्रश्न : खजूर घालून दूध उकळलं की फाटतं. दूध खराब की खजूर?

उत्तर : बहुतेक दोन्ही चांगले असतात. खजूर किंचित आम्ल असतो, त्यात टॅनिनही असतं, आणि उकळत्या दुधात हे दोन्ही गेले की प्रथिनं गोळा होतात, दूध जरा शिळं असेल तर अजून लवकर. दूध आधी उकळून घ्या, गॅस बंद करा, कोमट झालं की पेस्ट घाला आणि परत उकळी आणू नका. खजुराला आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर मात्र तो आंबलाय, टाकून द्या.

प्रश्न : खजुरावर पांढरं काहीतरी आलंय. बुरशी का?

उत्तर : कडक, दाणेदार, हाताला खरखरीत असेल तर ती साखर वर आलीय, थोडं गरम केलं की विरघळते, खुशाल खा. कापसासारखं, लवदार, हिरवट असेल तर बुरशी, मग वरचं पुसून खायचं नाही, फेकायचं. साल फुगून गरापासून सुटलेली असते त्यात काही बिघाड नाही. आणि खाण्याआधी प्रत्येक खजूर उघडून आत बघायची सवय लावा, अळी किंवा काळी भुकटी दिसली की कळतंच. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये सहा महिने आरामात राहतो, फ्रीजरमध्ये वर्षभर, इतकी साखर असते की दगडासारखा गोठतही नाही.

प्रश्न : लहान मुलाला पोट साफ व्हायला देते, पण मला स्वतःला खाल्ला की गॅस होतो. असं का?

उत्तर : फायबर आणि सॉर्बिटॉल (फळातला साखरेसारखा एक घटक) यांमुळे पोट साफ व्हायला मदत होते, पण सोबत पाणी प्यायला हवं. त्यातच फ्रुक्टन नावाचं न पचणारं कार्बोहायड्रेटही असतं, ते काहींच्या आतड्यात आंबतं आणि गॅस होतो, आयबीएस (आतडी नाजूक असल्याचा जुनाट त्रास) असणाऱ्यांना तर जास्तच. एकावर या, त्रास राहिला तर सोडा. मुलाला बी काढून, सोलून, बारीक चिरून किंवा कुस्करूनच द्या, चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खा खजूर नको, घशात अडकतो. आणि दातांना चिकटून बसतो म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायला लावा.

प्रश्न : बी टाकून द्यायची का? रुजते का?

उत्तर : रुजते, आणि चिवट असते. इस्रायलमधल्या मसाडा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षं जुनी बी २००५ मध्ये रुजवली आणि तिला कोंब आला! पण बीपासून आलेलं झाड मूळ खजुरासारखंच फळ देईल याचा भरवसा नाही, शिवाय खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, आपण नर वाढवतोय की मादी ते कळत नाही. कुंडीत शोभेला लावायची तर जरूर लावा. फळं हवी असतील तर मादी झाडाच्या बुंध्यापाशी आलेलं पिल्लू किंवा टिश्यू कल्चरचं रोप घ्या, आणि परागीकरणासाठी नराचा तुरा कुठून आणणार तेही आधीच ठरवा, बागायतदार तो हाताने मादीच्या फुलांवर झटकतात. तेवढा खटाटोप नको असेल तर बिया धुऊन, वाळवून, काळसर भाजून दळा, कॉफीसारखं पेय होतं आणि त्यात कॅफिन नसतं. भाजलेल्या बिया फार कडक असतात, घरच्या छोट्या मिक्सरमध्ये एकदम मूठभर टाकू नका.