सोलापूरच्या उन्हाळ्यात लॅपटॉप आधी रेंगाळतो, मग फटकन बंद पडतो. प्रोसेसरचा ड्रायव्हर बिघडलाय का?

नाही हो, तो राखणच करतोय. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये थर्मल ड्रायव्हर, म्हणजे तापमानावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम, सेन्सर वाचत असतो. आकडा मिलिअंशांत येतो, ८५००० म्हणजे ८५ अंश. पहिल्यांदा बघून मी दचकलोच होतो. पहिली मर्यादा ओलांडली की प्रोसेसरचा वेग उतरवतो, म्हणून रेंगाळणं. 'क्रिटिकल' मर्यादेला मशीन रीतसर बंद करतो. ड्रायव्हरच अडकला, तर चिपमधलं सर्किट कुणाला न विचारता वीज तोडतं. तुमचं 'फटकन' बहुधा हेच.

मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार, पंखा तापलेली हवाच ओढणार. त्यात मी लॅपटॉप सोलापुरी चादरीवर ठेवायचो. जाळीतून सुताचा बोळा निघाला! आधी जाळी साफ करा, लॅपटॉप पाटावर ठेवा.