मांजरीच्या पिल्लामुळे मुलीला नायटा झाला असेल का?

होय. पिल्लाच्या कानांमागचे केस गळून खवले धरले असतील आणि त्याला कुशीत घेणाऱ्या मुलीच्या हातावर खाजणारे गोल चट्टे उठले असतील, तर दोघांनाही बहुधा ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या बुरशीचा संसर्ग झाला आहे. नागपूरच्या दमट पावसाळ्यात चट्टे लवकर पसरतात, तरीही दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम कृपया आणू नका, कारण त्याने खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते आणि चट्ट्याचे रूप बदलल्याने निदान अवघड होते. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. डोक्यात चट्टा असल्यास पोटात औषध घ्यावेच लागते. पिल्लाला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. गळलेल्या केसांतील बीजाणू अनेक महिने तग धरतात, म्हणून अंथरूण वारंवार धुवा. पिल्लाला मात्र घराबाहेर काढू नका, तेही उपचाराने बरे होते.